कोपराचं माप

४ फेब्रुवारी

ताई,

कामाचं लिहायचं आहे, म्हणून आधी तेच लिहिते. नाहीतर नेहमीसारखं होईल: तब्येतीच्या चौकशा, हवापाणी, आणि ज्यासाठी कागद हातात घेतला ते राहूनच जाईल. फोनवर तर तू "बरी आहे, तू?" म्हणतेस आणि तिथेच संपतं. पत्रात निदान मला कुणी मध्ये तोडत नाही.

मला तुझी दोन मापं हवी आहेत. अनवाणी उभी राहा, पाठ सरळ. पहिलं माप जमिनीपासून कोपरापर्यंत, हात दुमडून. दुसरं, टाचा न उचलता हात वर केलास की बोटं जिथे पोचतात तिथपर्यंत. शक्यतो दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांग. आपलं माप आपणच घ्यायला गेलं की माणूस नकळत वाकतो आणि ते चुकतं, असं सुतार म्हणतो. मी करून पाहिलं. खरं आहे.

कारण असं की आपल्या स्वयंपाकघराला वाळवी लागली. सिंकखालच्या कपाटाचं दार एके सकाळी उघडायला गेले तर ते माझ्या हातातच आलं. बाहेरून रंग शाबूत, आतून भिजलेल्या बिस्किटासारखं. सुताराने ठोकून ठोकून पाहिलं आणि जाहीर केलं, "हे उभं आहे ते निव्वळ सवयीने." तेव्हा सगळंच काढायचं ठरलं. खालचे खण, भिंतीत बसवलेली कपाटं, वर जाड फळ्यांचा ओटा, सगळं नवं, त्याच्या हातचं.

सुताराविषयी सांगायला हवं, कारण पुढे तो वारंवार येणार. साठीचा आहे, स्वतःच्या कामावर बेहद्द खूश. "आत्ता येतो" म्हणून जातो आणि दुसऱ्या दिवशी उगवतो, म्हणून आपल्या इमारतीत त्याचं नावच 'आत्तायेतो' पडलंय. खिशात टेप असते, पण वापरत नाही. तिचं तोंड वाकडं झालंय म्हणे. आकडेही लिहून घेत नाही. ("तीनाचा आठ व्हायला कितीसा वेळ लागतो, बाई?") प्रत्येक घरासाठी एक लांब पट्टी घेतो, माणसाला तिच्याशेजारी उभं करतो आणि पट्टीवर पेन्सिलीने खुणा करतो. कोपराच्या जरा खाली ओटा, हात पोचेल तिथे वरचा कप्पा. पुढे सगळं काम त्या पट्टीवरून.

तर पट्टी घेऊन त्याने विचारलं, "स्वयंपाक कोण करतं?"

मी म्हटलं, "ताई."

प्रश्न सोपा होता आणि उत्तर आपोआप बाहेर पडलं. आई गेल्यावर तू त्या वसतिगृहात शिवण शिकवायला गेलीस, त्याला दोन वर्षं होत आली. या काळात इथे जे काही शिजलं ते मीच शिजवलं. (शिजवलं हा शब्द जरा उदार आहे.) तरी मी 'ताई' म्हटलं आणि मला ते खोटं वाटलं नाही.

"मग बोलवा त्यांना. उभ्या राहू देत."

"ती बाहेरगावी असते."

"केव्हा येणार?"

यावर मी काहीतरी उत्तर दिलं.

जुना ओटा आईच्या उंचीचा होता. तू त्यावर किती वर्षं वाकून काम केलंस ते मी सांगायला नको. संध्याकाळी कमरेवर हात ठेवून खिडकीशी उभी राहायचीस, तशी अजूनही मला दिसतेस. या घरात तुझ्या मापाचं काही नव्हतं. या वेळी मला ते तुझ्या मापाचं करायचं आहे. इतकंच.

मापं लवकर कळव. दोनच आहेत.

टिल्ली

१५ फेब्रुवारी

ताई,

माझं पत्र पोचलं असेल असं धरून चालते. पोचलं नसेल तर हे वाचताना तुला काही समजणार नाही, आणि पोचलं असेल तर पुन्हा तेच लिहिण्यात अर्थ नाही. तरी थोडक्यात: कोपर आणि वर केलेला हात.

तोडफोड झाली. दोन माणसं आली, पहारी लावल्या आणि एका सकाळीत सगळं भिंतीपासून सुटलं. मला वाटलं होतं आवाज मोठा होईल. पोखरलेलं लाकूड आवाजही करत नाही, नुसतं बसतं. सगळीकडे पिवळट भुगा. आता स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि एक नळ. बोललं तर घुमतं.

जुना ओटा होता तिथे भिंतीवर एक आडवी फिकट पट्टी राहिली आहे. मी तिच्याशी जाऊन उभी राहिले. बरोबर माझ्या कोपराखाली येते. मी आईच्या चणीची, हे माहीत होतं, पण भिंतीवर पुरावा पाहिला की वेगळं वाटतं. तू बाबांवर गेलीस. आई तुला शिडी म्हणायची आणि मला टिल्ली. दोघी शेजारी उभ्या राहिलो की म्हणायची, "एकीला कापून दुसरीला जोडा म्हणजे दोन बऱ्या पोरी होतील."

ओटा तिच्यासाठी केला आणि तिचे गुडघे गेले. मग पलंगावरून तिचा आवाज आणि ओट्याशी तू.

"शिडे, मीठ बघितलंस का?"

"बघितलं."

"बघितलंस म्हणजे चाखलंस का?"

"आई, येऊन तूच कर."

"आले असते गं, पण मग तू काय करशील?"

आणि तुम्ही दोघी हसायचात. मी पलीकडच्या खोलीत परीक्षेचं वाचत असायचे. मला ते हसू घराचा आवाज वाटायचं, पंख्यासारखं. चालू असलं की लक्ष जायचं नाही.

सुतार सध्या उभे खांब आणि दारं करतोय. त्यांना कोपर लागत नाही. एक दार त्याने उलट्या बाजूला उघडणारं केलं; ते फ्रीजला आपटतं. मी दाखवलं तर त्याने दाराकडे पाहिलं, फ्रीजकडे पाहिलं आणि म्हणाला, "फ्रीज चुकीच्या जागी ठेवलाय तुम्ही." फ्रीज तिथे बारा वर्षं आहे. मी तसं म्हणाले तर म्हणतो, "मग बारा वर्षं चुकलंय." शेवटी बिजागऱ्या काढून पलीकडे लावल्या, पण माझ्यावर उपकार केल्यासारख्या.

तुला हे ऐकायला आवडलं असतं. तू त्याला बरोबर वठणीवर आणलं असतंस.

टिल्ली

२७ फेब्रुवारी

ताई,

सुतार रोज सकाळी दारातून विचारतो, "बाई, कोपर आलं का?" आज म्हणाला, "लोक मनीऑर्डरची वाट बघतात, पाहुण्यांची बघतात. कोपराची वाट बघणारं गिऱ्हाईक मी पहिलंच पाहिलं." मी हसले. मग ऑफिसात मुद्रितं तपासताना एका पानावर तीन चुका सोडल्या आणि वरिष्ठांनी बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक ना?

शेगडी बैठकीच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर मांडली आहे. टेबल जळू नये म्हणून खाली विटा लावल्यात, त्यामुळे ती उंच पडते. भात ढवळताना खांदा कानाशी येतो. उंच ओट्याने माझं काय होईल याचा तो नमुनाच म्हणायचा, पण मी त्याकडे लक्ष दिलं नाही. काल भात करपला. परवाही करपला होता, फक्त परवाचा मी खाल्ला.

एक गोष्ट लपवून ठेवली होती ती लिहिते, कारण ती आता माझ्याकडे राहिलेली नाही. सुताराने "केव्हा येणार?" विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "काम पुरं होईपर्यंत येईल." त्याने ते शेजारच्या काकूंना सांगितलं. काकू काल जिन्यात म्हणाल्या, "ताई परत येतेय म्हणे! बरं झालं गं. तुझे गाल बघ कसे बसलेत. आता दोन घास नीट जातील पोटात."

मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही. "बघू या," म्हटलं. 'परत येणार' आणि 'काम पुरं होईपर्यंत येईल' यांत काही फरक आहे का, याचा विचार करत जिना चढले. वर पोचेपर्यंत फरक उरला नव्हता.

तुला मी येशील का असं कधी विचारलं नाही. आत्ताही विचारत नाही. मापं मागते आहे. पण ताई, सुतार आता थांबायला तयार नाही. खालचे खण किती उंच करायचे हे कळल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही. परवा तो म्हणाला, "अंदाज सांगा ना, बहीण आहे तुमची!" आणि मी हात पुढे करून हवेत उंची दाखवायला गेले. हात वरखाली होत राहिला. तुझं कोपर कुठे येतं हे मला माहीत नाही. तुला आठवायला गेलं की मला फक्त तुझी वाकलेली पाठ दिसते, आणि वाकलेल्या माणसाचं माप निघत नाही.

टिल्ली

९ मार्च

ताई,

पाकीट आलं. आत चिठ्ठी नाही, हे मी दोनदा तपासलं. पाकीट फाडून उलटं केलं. फक्त दोरा, शिवणाचा जाड पांढरा, व्यवस्थित गुंडाळलेला, दोन गाठी असलेला. एक टोक म्हणजे जमीन, पहिली गाठ कोपर, दुसरी बोटं, असं मी समजले.

सुताराने तो भिंतीशी धरला आणि पहिल्या गाठीशी बोट ठेवलं. ते त्या फिकट पट्टीच्या जरा वर आलं. म्हणाला, "फार उंच आहेत म्हणत होतात."

ताई, तू इतकी वाकली आहेस का? तिथे थंडी असते, हाडं धरतात, हे मला माहीत आहे. मुलींना शिवण शिकवताना दिवसभर मशीनवर ओणवी असतेस. डॉक्टरला दाखवलंस का? मी फोन केला तर वसतिगृहातली मुलगी म्हणाली, बाई वर्गात आहेत. तब्येत कशी आहे विचारलं तर म्हणाली, "मस्त!" मस्त म्हणजे काय?

उद्या सकाळी पुन्हा फोन करते. हे पत्र आधीच टाकते.

टि.

१० मार्च

ताई,

कालच्या पत्राकडे लक्ष देऊ नकोस. ते पोचायच्या आत हे पोचलं तर बरं, पण टपाल तसं चालत नाही.

मी फोन करायच्या आधीच सुतार आला. दोरा पट्टीवर लावून खुणा करणार, तेवढ्यात त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला, "बाई, जरा इकडे या. उभ्या राहा." मी उभी राहिले. त्याने दोऱ्याचं टोक माझ्या टाचेखाली दाबलं आणि दोरा वर ताणला. गाठ माझ्या कोपराला लागली. कोपराला म्हणजे अगदी हाडाला. मग म्हणाला, "हात वर करा." केला. दुसरी गाठ माझ्या मधल्या बोटाच्या टोकाशी.

"हे तर तुमचंच माप आहे!" तो मोठ्याने हसायला लागला. "माझी चेष्टा करता होय? महिनाभर मला कोपरासाठी ताटकळत ठेवलंत आणि आपलंच माप पाकिटात घालून आणलंत?"

मी म्हटलं, "ते माझ्या बहिणीने पाठवलंय."

"त्यांनी तुमचं माप कधी घेतलं?"

त्याला काय सांगणार? माझे फ्रॉक तू शिवलेस, शाळेचे गणवेश, कॉलेजातले पंजाबी ड्रेस, नोकरीच्या मुलाखतीला घातलेला तो करडा कुडता. तोंडात टाचण्या धरून म्हणायचीस, "हल नकोस, टिल्ले, नाहीतर बाही कमरेला लावीन." तुला ते माप आठवून काढावं लागलं नसेल. हाताला ठाऊकच असणार. मी तुझं कोपर हवेत शोधत होते, आणि तू इतक्या लांबून माझ्या बोटाच्या टोकाला गाठ मारलीस.

सुतार चहाला गेल्यावर मी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात भुशाच्या पोत्यावर बसले. आधी रडू आलं, पण ते आनंदाचं आहे की अपमानाचं हे मला ठरवता येईना, म्हणून थांबवलं आणि विचार केला.

मी तुला काय लिहीत होते? तुझी कमर, तुझी उंची, या वेळी सगळं तुझ्या मापाचं. माझ्या मते मी तुला भेट देत होते. पण भेट कशाची, तर ओट्याची. सबंध घरात तुझ्यासाठी म्हणून एक जागा करायचं माझ्या मनात आलं, तर ती शेगडीपुढची. उभं राहायची. मी तुला घरी बोलावत होते की ओट्याशी?

काकू जिन्यात जे म्हणाल्या तेच मी जास्त चांगल्या मराठीत लिहीत होते, बस.

पहिल्या महिन्यात तुझं एक कार्ड आलं होतं. त्यात एकच वाक्य होतं, "इथे मला ताट वाढून मिळतं." मी ते तक्रार म्हणून वाचलं. वाटलं, परक्या हातचं जेवावं लागतंय बिचारीला. मुद्रितं तपासून पोट भरणाऱ्या बाईने एक वाक्य इतकं चुकीचं वाचावं!

सुतार आला तेव्हा सांगितलं, माझ्या मापाचा करा.

"नक्की? परत उंच करता यायचा नाही हो."

"नक्की."

"आणि ताई आल्या तर?"

"आली तर बसेल," मी म्हटलं. असंच तोंडातून गेलं.

टिल्ली

३० मार्च

ताई,

ओटा झाला. तुझ्या दोऱ्याप्रमाणे. सुताराने शेवटचा रंधा मारला, तळहात फिरवला आणि स्वतःलाच "वा!" म्हणाला. मग माझ्याकडे पाहून थांबला, म्हणून मीही "वा!" म्हटलं. खरं सांगते, म्हणायलाच हवं होतं असं काम आहे. खण ओढला की आवाज न करता येतो आणि शेवटाला येऊन अडतो, बाहेर पडत नाही. वरचा कप्पा माझ्या हाताला लागतो. स्टूल लागत नाही. चाळिशी ओलांडली आणि पहिल्यांदा या घरात मी टाचा न उचलता साखर काढली.

भात आता करपत नाही. तो चांगला होतो असं मी म्हणत नाही. चवीला काहीतरी कमी पडतं ते काय, हे मला अजून कळलेलं नाही, आणि तुला पत्रातून विचारण्याचा मोह होतो तो आवरते. चुकतमाकत कळेल. कांदा चिरताना खांदे खाली राहतात, पाठ दुखत नाही. मग तुझी दुखायची ते आठवतं आणि सुरी थांबते. रोज होतं असं नाही. होतं तेव्हा थांबून पुन्हा चिरते.

काकूंना सांगितलं की ताई येतेय असं काही ठरलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मग एवढा खर्च कुणासाठी केलास?" मी म्हटलं, "मला भूक लागते, काकू." त्यांना ते फारसं पटलं नाही.

आता खरं ज्यासाठी लिहितेय ते. बघ, या वेळी शेवटी आलं.

काही फळ्या उरल्या. चांगल्या, रुंद. सुतार म्हणाला, चपलांचं कपाट करू. मी म्हटलं, नको. समोरच्या खोलीत रस्त्याच्या बाजूची खिडकी आहे ना, तिच्या कोनाड्यात बैठक करायची आहे. भिंतीत बसवलेली, पाठ टेकता येईल अशी, पाय वर घेऊन बसता येईल इतकी खोल. खाली खण नको, कप्पे नको. त्यात काहीही ठेवायचं नाही. सुताराला हे अजिबात आवडलं नाही. "एवढी जागा फुकट घालवायची? निदान चादरी तरी ठेवा!" मी नाही म्हटलं. सकाळी तिथे ऊन येतं. समोरच्या दुकानाचं शटर उघडताना दिसतं, शाळेची गाडी दिसते. आणि तिथून स्वयंपाकघर दिसत नाही. मी खिडकीत उशी टाकून, दोन्ही बाजूंना तोंड करून बसून पाहिलं. नाही दिसत.

त्याने विचारलं, "उंची कुणाच्या मापाची?"

माझ्या मापाची केली तर तुझे गुडघे हनुवटीला लागतील. तुझ्या मापाची केली तर माझे पाय लोंबतील. माझे लोंबू देत, असं मी म्हटलं. तेव्हा पट्टीवर बोट ठेवून तो म्हणाला, "म्हणजे पुन्हा कोपर?" चेहरा अगदी पडला होता त्याचा.

"कोपर नको," मी म्हटलं. "गुडघा."

"आणि तो कधी येणार?"

"माहीत नाही."

या वेळी मी 'काम पुरं होईपर्यंत' म्हटलं नाही.

"लाकूड तर कधीच वाळलंय बाई, त्याला थांबायची गरज नाही. थांबायचं तर तुम्हीच थांबा." हत्यारं गोळा केली, दारातून "आत्ता येतो" म्हणाला आणि गेला. फळ्या खिडकीखाली भिंतीला टेकून उभ्या आहेत. कापलेल्या नाहीत.

तू येशील का असं मी आजवर विचारलं नाही, आणि ते अदबीपोटी विचारलं नाही असं मला वाटायचं. खरं तर भीतीपोटी विचारलं नाही. आता विचारते: येशील? राहायला नव्हे. कामाला तर नव्हेच. दुपारी कधीतरी, सुटीत, परतीचं तिकीट काढून. मी चहा करीन, तो बरा जमतो. तू खिडकीत बसशील आणि मी तुला काहीही विचारणार नाही, मिठाचंसुद्धा.

एकच माप पाठव. जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंत. दोऱ्याला एक गाठ पुरेल. चिठ्ठी नको. किंवा हवी, पण तू म्हणशील तसं.

घाई नाही. हे माप बसून घ्यायचं असतं.

टिल्ली